पावती हरवली तरी नोंद राहते

दिवाळी जवळ आली की आपल्या घरांत आणि पेढ्यांवर झाडलोट सुरू होते. बार्शीला माझ्या बहिणीच्या घरी दोन वर्षांपूर्वी अशीच झाडलोट झाली. दुकानामागच्या खोलीतल्या चाळीस वर्षांच्या खतावण्या फळीवरून खाली उतरल्या, पुसल्या गेल्या आणि नव्या लाल फडक्यात बांधून पुन्हा आपल्या जागी गेल्या. त्याच दिवशी जिन्याखालच्या कप्प्यातली वर्तमानपत्रे, जुनी मासिके, लग्नपत्रिका यांचा गठ्ठा रद्दीवाल्याच्या काट्यावर चढला. त्या गठ्ठ्यात एक निळी प्लास्टिकची फाइल होती. भाचीचे दहावी-बारावीचे गुणपत्रक, अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जन्माचा दाखला असे सारे त्या फाइलमध्ये होते. मेलेल्या कुळांच्या उधारीचे हिशेब जतन झाले आणि मुलीच्या शिक्षणाचे कागद किलोच्या भावाने गेले.

भाची त्या वर्षी पुण्याला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात होती. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली, फाइल शोधली, सापडली नाही. कोणाला काही न बोलता ती पुण्याला परत गेली. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत चालू होती. तीन आठवड्यांनी बहिणीचा मला फोन आला. "दादा, ती म्हणते, कॉलेज सोडते. बार्शीतच बी.कॉम. करते आणि दुकानात बसते. काय झालंय ते सांगत नाही. तू विचारून बघ."

मी फोन केला. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून ती शेवटी म्हणाली, "मामा, फाइलच गेली. अर्ज भरता येणार नाही. आणि शिष्यवृत्ती नसेल तर पप्पांना एवढी फी झेपणार नाही, हे मला माहीत आहे."

"मग आधी का नाही बोललीस?"

"दाखल्यासाठी त्यांना पुन्हा तहसीलला जावं लागेल. जूनमध्ये गेले होते तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते."

हा लेख मी लिहितो आहे तो या शेवटच्या वाक्यामुळे.

देणाऱ्या हातांचा संकोच

माझ्या मेहुण्यांची धान्याची अडत आहे. शेतकरी त्यांच्याकडे उचल मागायला येतात, गावातल्या कोणत्याही वर्गणीच्या यादीत त्यांचे नाव वरच्या पाचांत असते. परंतु दोन मोठ्या खरेदीदारांकडे रक्कम अडकली आणि त्या दोन वर्षांत घरखर्चापुरतेच उरत होते. बाजाराला याचा पत्ता नव्हता, कारण बाजारात पत हीच खरी पुंजी. अशा माणसाने तहसील कार्यालयाच्या रांगेत उभे राहून 'माझे उत्पन्न इतकेच आहे' असा दाखला मागायचा, तोही ओळखीच्या शेतकऱ्यांच्या देखत, हे त्यांना जड गेले. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांना ते जड जाते. बाहेरून दुकान दिसते, उलाढाल दिसते. उलाढाल म्हणजे उत्पन्न नव्हे, हे फक्त घरच्यांना ठाऊक असते.

हा संकोच मुले न सांगता ओळखतात. म्हणून कागद हरवला की ती गप्प बसतात. माझ्या अनुभवात कागद हरवल्याने जेवढे नुकसान होते, त्याहून अधिक त्यानंतरच्या मौनाने होते. हरवलेला कागद बहुधा पुन्हा मिळतो, उलटून गेलेली मुदत मिळत नाही.

पेढीवरचाच नियम

मी त्या रात्री भाचीला एवढेच विचारले, "दुकानातली एखादी पावती हरवली, तर पप्पा काय करतात?"

ती म्हणाली, "रोजमेळ बघतात."

सारे उत्तर यात आहे. पावती ही नोंदीची नक्कल असते. ती गिऱ्हाइकाकडून हरवेल, पाण्यात भिजेल, उंदीर कुरतडतील. रोजमेळातली नोंद जागेवर असते. विद्यार्थ्याच्या फाइलमधला जवळजवळ प्रत्येक कागद ही अशीच कोणत्या तरी मूळ वहीतली नक्कल आहे. जन्माचा दाखला ही नगरपरिषदेच्या जन्मनोंदवहीतली, शाळा सोडल्याचा दाखला ही शाळेच्या जनरल रजिस्टरमधली, गुणपत्रक ही परीक्षा मंडळाच्या अभिलेखातली. म्हणून कागद शोधत घर उलथेपालथे करण्याआधी एकच प्रश्न विचारावा: या कागदाची मूळ वही कोणाकडे आहे?

आम्ही फोनवरच एक यादी केली. पहिल्या रकान्यात कागदाचे नाव, दुसऱ्यात त्याची मूळ नोंद कोठे आहे, तिसऱ्यात आज त्याची प्रत आणखी कोणाकडे असू शकते. ही यादी पुरी होताच अर्धी भीती गेली, कारण हरवले असे वाटलेले काही कागद हरवलेच नव्हते. शाळा सोडल्याचा मूळ दाखला प्रवेशाच्या वेळी महाविद्यालयात जमा झालेला होता. तो फाइलमध्ये असणे शक्यच नव्हते. उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला 'आपले सरकार' सेवा केंद्रातून काढलेले होते. हे दाखले डिजिटल स्वाक्षरीचे असतात, त्यांवर बारकोड असतो आणि ज्या खात्यातून अर्ज केला त्या खात्यातून ते पुन्हा उतरवून घेता येतात. केंद्रचालकाने दहा मिनिटांत दोन्ही दाखले पाठवले. तहसीलची पायरी पुन्हा चढावी लागलीच नाही. ज्या गोष्टीच्या धास्तीने मुलगी तीन आठवडे गप्प होती, ती गोष्ट करण्याची गरजच नव्हती.

कोणता कागद, कोणते दार

वाचकांच्या उपयोगासाठी प्रत्येक कागदाची वाट थोडक्यात सांगतो.

दहावी-बारावीचे गुणपत्रक: राज्य मंडळाची नऊ विभागीय मंडळे आहेत. बार्शी सोलापूर जिल्ह्यात असल्याने आमचे काम पुणे विभागीय मंडळाकडे होते. दुय्यम गुणपत्रकासाठी परीक्षेचे वर्ष, महिना आणि बैठक क्रमांक लागतो. प्रवेशपत्रही हरवले असेल तर शाळेच्या किंवा कनिष्ठ महाविद्यालयाच्या निकालपत्रकात तो क्रमांक असतो. मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांचे पत्र घेऊन मंडळाकडे अर्ज करावा. दुय्यम प्रत हाती यायला वेळ लागतो. तोपर्यंत डिजिलॉकरमधले गुणपत्रक वापरावे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर डिजिलॉकरमध्ये संबंधित संस्थेने दिलेले कागद मूळ कागदांच्या बरोबरीचे मानले जातात. आपण स्वतः छायाचित्र काढून तेथे ठेवलेल्या प्रतीला मात्र तो दर्जा नसतो, हा भेद ध्यानात ठेवावा.

शाळा सोडल्याचा दाखला: तो आधी पुढच्या संस्थेत जमा आहे का, ते पाहावे. खरोखर हरवला असेल तर शाळेकडे लेखी अर्ज करावा. शाळा जनरल रजिस्टरवरून 'दुय्यम प्रत' असा शेरा मारून दाखला देते.

जन्माचा दाखला: ज्या गावी जन्म झाला तेथील नगरपरिषद, महानगरपालिका किंवा ग्रामपंचायतीकडून शुल्क भरून हव्या तितक्या प्रती मिळतात. नोंद जन्मस्थळी असते. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होण्याची रीत असल्याने पुष्कळ मुलांची नोंद आजोळच्या गावी सापडते. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांनी हा दाखला विशेष जपावा. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या कायदादुरुस्तीनुसार त्या दिवसापासून जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशापासून पुढच्या अनेक कामांत जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा तोच पुरावा असणार आहे.

उत्पन्नाचा दाखला: यावर मुदत लिहिलेली असते. मागच्या वर्षीचा सापडला तरी उपयोग होत नाही, म्हणून जुना शोधण्यात दिवस घालवण्याआधी त्यावरील वर्ष आठवावे. नवा काढायचा असेल तर आयकर विवरणपत्राची पोच, शिधापत्रिका आणि तलाठ्यांचा अहवाल जेथे लागतो तेथे तो, असे एकत्र घेऊन जावे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार अधिसूचित सेवांना ठरावीक दिवसांची मर्यादा आहे. अर्जाची पोच जपून ठेवावी. मुदतीत दाखला न मिळाल्यास ३० दिवसांत प्रथम अपील अधिकाऱ्यांकडे जाता येते. सौम्य शब्दांत या कायद्याची आठवण दिली तरी बहुतेक ठिकाणी काम पुढे सरकते.

याशिवाय दोन गोष्टी कराव्यात. कागद गहाळ झाल्याची नोंद पोलिसांकडे करून तिची पोच घ्यावी. ही तक्रार नसते, केवळ नोंद असते. परंतु दुय्यम प्रतींसाठी ती उपयोगी पडते आणि आपले कागद दुसऱ्याने वापरल्यास आपले रक्षण करते. आणि महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागाला त्याच दिवशी लेखी कळवावे: कोणते कागद हरवले, कोणासाठी कोठे अर्ज केला, पोच सोबत जोडली आहे. भाचीच्या महाविद्यालयातील लिपिकांनी आधी डिजिलॉकरची प्रत घ्यायला नकार दिला होता. पत्र, पोलिसांची पोच आणि मंडळाकडे केलेल्या अर्जाची पावती एकत्र पाहिल्यावर त्यांनी अर्ज पुढे पाठवला. तोंडी विनंती विसरली जाते, आवक क्रमांक पडलेले पत्र विसरले जात नाही. व्यापाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

ओटीपी वडिलांच्या फोनवर

डिजिलॉकर उघडताना एक अडचण आली. भाचीच्या आधारला वडिलांचा मोबाइल जोडलेला होता. ओटीपी त्यांच्याच फोनवर जाणार. आता त्यांना सांगण्यावाचून मार्ग उरला नव्हता.

तिने फोन केला तेव्हा ते बाजार समितीत सौद्यावर होते. सारे ऐकून घेऊन त्यांनी सहा आकडे वाचून दाखवले. नंतर त्यांनी मला विचारले, "तीन आठवडे ती एकटी हे घेऊन बसली होती?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "म्हणजे चूक माझी आहे. मी तिला हिशेब शिकवला, पण अडचण सांगायला शिकवलं नाही."

आपल्या घरांत मुलांना घराची आर्थिक स्थिती अर्धवट कळते. सगळे सांगावे असे नाही. पण 'कागद हरवला, पैसे कमी पडले, मुदत चुकली, तर पहिल्यांदा आम्हाला सांग' एवढे तरी स्पष्ट शब्दांत सांगितलेले असावे. सोय म्हणून, मूल मोठे झाले की त्याच्या आधारला त्याचाच मोबाइल जोडावा आणि बँक खातेही आधारशी जोडलेले आहे याची खात्री करावी. शासकीय शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होते.

धर्माचा रकाना आणि सत्याचा

या निमित्ताने आणखी दोन गोष्टी.

२७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र शासनाने जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. परंतु शाळांच्या रजिस्टरमध्ये आजही अनेकांच्या नावापुढे 'हिंदू जैन', 'हिंदू मारवाडी' असे काहीबाही लिहिलेले आढळते. अल्पसंख्याक शिष्यवृत्तीच्या वेळी दाखल्यावरचा हा रकाना आणि आपले स्वघोषणापत्र यांत विसंगती दिसली की अर्ज परत येतो. नावाचेही तसेच. एका कागदावर आडनाव, दुसऱ्यावर गोत्र, तिसऱ्यावर वडिलांचे घरगुती नाव. मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत अशी दुरुस्ती करणे तुलनेने सोपे असते, शाळा सुटल्यावर ते फार अवघड होते. पाचवी-सहावीतल्या मुलांचे पालक हे वाचत असतील तर त्यांनी याच आठवड्यात शाळेत जाऊन नोंद पाहून यावी.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. राज्यातील व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या अनेक योजनांना कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची ८ लाख रुपयांची मर्यादा आहे. ज्यांचे खरे उत्पन्न या मर्यादेत आहे त्यांनी संकोच सोडून अर्ज करावा, तो त्यांचा हक्क आहे. ज्यांचे नाही, त्यांनी दाखल्यावर आकडा कमी करून घेऊ नये. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत 'कूटलेखक्रिया' आहे. खोटा लेख तयार करणे, असा त्याचा सरळ अर्थ. आपल्या आचार्यांनी व्यापारी समाजाची नाडी ओळखून हा दोष नावानिशी सांगून ठेवला आहे. खोट्या दाखल्याने मिळालेली शिष्यवृत्ती ही कोणा गरजू मुलाच्या ताटातला घास असते. हरवलेल्या कागदाच्या घोषणापत्रातही हेच पाळावे: जे हरवले तेवढेच लिहावे, जसे हरवले तसे लिहावे. भाचीने आपल्या अर्जात 'दिवाळीच्या सफाईत अनवधानाने रद्दीत गेले' असेच लिहिले. कोणी हसले नाही.

समाजाच्या विश्वस्तांना विनंती

शिक्षणाला हातभार लावण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा १८९९ मध्ये स्थापन झाली; आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने श्री महावीर जैन विद्यालय १९१५ मध्ये मुंबईत उभे राहिले. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करून हे काम सर्व जातिधर्मांच्या मुलांपर्यंत नेले. पैशाअभावी मुलाचे शिक्षण थांबू नये, ही या साऱ्यांमागची कळकळ होती. मग एका कागदाअभावी ते थांबू नये, हे पाहणे आपले काम आहे.

गावोगावच्या आपल्या संस्थांच्या विश्वस्तांना म्हणून तीन विनंत्या. डिजिलॉकरच्या प्रती स्वीकाराव्यात. कागद अपुरा असेल तर अर्ज फेटाळण्याऐवजी कळवून पंधरा दिवसांची सवलत द्यावी. आणि साहाय्य देताना विद्यार्थ्याला व्यासपीठावर बोलावून छायाचित्र काढण्याचा मोह टाळावा. गुणगौरव जरूर व्यासपीठावर व्हावा. मदत शांतपणे खात्यात जावी. आपल्या परंपरेत गुप्तदानाला जो मान आहे, त्याचे कारण घेणाऱ्याची मान ताठ राहावी हेही आहे. संकोच कमी झाला तर अर्जही वेळेवर येतील.

पंचमीचा कप्पा

भाचीचा शासकीय अर्ज मुदतीच्या आत गेला. दुय्यम गुणपत्रके सुमारे दीड महिन्याने आली. शिष्यवृत्ती मंजूर झाली. रक्कम उशिरा, पुढच्या वर्षी जमा झाली, तोवर मेहुण्यांनी फीचे हप्ते करून घेतले होते. एका समाजसंस्थेच्या साहाय्याची मुदत मात्र त्या तीन आठवड्यांच्या मौनात निघून गेली होती. ते गेले ते गेलेच. आता भाची तिसऱ्या वर्षात आहे.

आपले ग्रंथभांडार शतकानुशतके टिकले ते आपोआप नव्हे. श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुद्ध पंचमीला, दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला शास्त्रे बाहेर काढायची, पुसायची, वेष्टने बदलायची आणि काय आहे, काय नाही ते पाहायचे, अशी रीत पूर्वजांनी घालून दिली. ज्ञानाची पूजा म्हणजे ज्ञानाची साधने वर्षातून एकदा हातात घेऊन पाहणे.

बहिणीच्या घरी आता त्या दिवशी आणखी एक कप्पा उघडतो. मुलांच्या कागदांची फाइल दुकानातल्या तिजोरीत, खतावण्यांच्या शेजारी ठेवलेली आहे. तिच्या पहिल्या पानावर यादी आहे: कोणता कागद, मूळ नोंद कोठे, प्रत कोणाकडे. प्रत्येक कागदाच्या दोन छायाप्रती आजोळी, म्हणजे माझ्याकडे आहेत. कागद बाहेर गेला की तारीख घालून 'नावे' लिहायचा आणि परत आला की 'जमा' करायचा. हा रकाना मेहुण्यांनी स्वतः आखला आहे. गेल्या पंचमीला मी तेथे होतो. ते चष्मा लावून एकेक कागद यादीशी ताडून पाहत होते आणि भाची पुण्याहून फोनवर खुणा सांगत होती. शेवटच्या कागदावर टिक करून त्यांनी फाइल बंद केली आणि म्हणाले, "मेळ बसला."